मोकळ्या पाण्याचा पेला

दर बुधवारी सकाळी चामराजपेटेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कल्याण मंटपात पाय ठेवायला जागा नसायची. लग्न नाही, मुंज नाही, आणि तरी तीनशे माणसं सतरंज्यांवर मांडी घालून बसलेली. प्रत्येकाच्या पुढ्यात काचेचा एक पेला आणि तपकिरी रंगाची एक बाटली. पेला काचेचाच हवा, असा नियम होता. स्टीलच्या पेल्यात चमत्कार दिसत नाही.

व्यासपीठावर योगीराज बसायचा. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर हिरवी शाल, कानाजवळ चिकटवलेला माइक. आधी कन्नडात बोलायचा, मग मराठीत, आणि इंदिरानगरहून गाड्या घेऊन आलेल्या लोकांसाठी मध्येच 'टॉक्सिन', 'एनर्जी', 'व्हायब्रेशन' असे शब्द पेरायचा.

"उजवा हात पाण्यात बुडवा. दुखणं काय आहे ते पाण्याला सांगा. डॉक्टरला सांगता ना? तो ऐकतो? तो कॉम्प्युटरकडे बघतो! पाणी ऐकतं. सांगा, मनापासून सांगा. आता हात काढा, आणि आपल्या अर्काचे दहा थेंब."

तीनशे पेल्यांत थेंब पडायचे आणि तीनशे पेल्यांतलं पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. 'अय्यो देवरे' असा एक मोठा हुंकार उठायचा. येलहंक्याहून येणारे, विमानदलातून निवृत्त झालेले एक धिप्पाड गृहस्थ तर पेला कपाळाला लावून ढसढसा रडायचे.

"हा तुमचा रोग!" योगीराज म्हणायचा. "बाहेर आला. मी काढला का? नाही. मी काय देतो? काही नाही. अर्क तुमचा, तुमच्या घरी, तुमच्या हातानं केलेला. माझा हात लागला का त्याला?"

"नाही!" तीनशे लोक ओरडायचे.

आणि खरंच त्याचा हात लागत नसे. इतर बुवा अंगारा देतात, ताईत देतात. यानं लोकांना कृती दिली होती. सांब्राणीचे, म्हणजे लोबानाचे खडे, तुळस, वेखंड, ज्येष्ठमध, सगळं बाजारातून आपण आणायचं. त्याच्या आश्रमातून मिळणाऱ्या 'सत्त्वजला'त ते भिजवायचं, बाटली काळ्या फडक्यात गुंडाळून अकरा दिवस देवघरात ठेवायची, सकाळ-संध्याकाळ हलवायची, आणि बाराव्या दिवशी मलमलीतून गाळायची. ज्या बाईनं अकरा दिवस स्वतः बाटली हलवली, तिला तुम्ही कसं सांगणार की यात खोटेपणा आहे? तिच्या घरी, तिच्या डोळ्यांसमोर तर झालं सगळं.

नियम आणखी दोन होते. दर बुधवारी चार चमचे अर्क आठवडाभर अंगाला लावायला काढायचा आणि लगेच तेवढंच सत्त्वजल घालून बाटली गळ्यापर्यंत भरायची. अर्काची बाटली उणी ठेवणं म्हणजे घरातली लक्ष्मी उपाशी ठेवणं. आणि दुसरा, तो मात्र योगीराज आवाज खाली आणून सांगायचा. "मोकळ्या पाण्यात, ज्यात कुणाचा हात बुडला नाही अशा पाण्यात, अर्काचा थेंब टाकायचा नाही. ज्या घरात टाकला, त्या घरावर अर्क उलटतो."

हे सगळं मी मागच्या रांगेतल्या खुर्चीवर बसून तीन-चार बुधवार बघितलं आणि घरी येऊन पोटभर हसलो. मी नागोजी. मैसूर रोडवरच्या एका अगरबत्तीच्या कारखान्यात एकतीस वर्षं वासांची खोली सांभाळली. योगीराज त्यातली नऊ वर्षं माझ्या हाताखाली होता. ते पांढरं पाणी माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. तेव्हाच उठून चार शब्द बोलायला हवं होतं. बोललो नाही. म्हाताऱ्यांचा विरंगुळा आहे, चालू दे, म्हटलं. त्या हसण्याची लाज मला मरेपर्यंत वाटत राहील.

महानंदा माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यावर तिचं लग्न मीच करून दिलं, आमच्याच गल्लीत, देवव्रतशी. ती इंदिरानगरच्या एका ऑफिसात रिसेप्शनला बसायची. हसरी, नीटनेटकी, आणि तासाला एकदा तरी घड्याळ बघणारी पोर. लहानपणच्या सांधेतापानं तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. चोविसाव्या वर्षी डॉक्टरांनी ती काढून धातूची बसवली. तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर एक गोळी, रक्त पातळ ठेवणारी. नाही घेतली तर त्या धातूवर रक्ताची गुठळी धरते. हे तिला पाठ होतं, देवव्रतला पाठ होतं, मला पाठ होतं.

पण लग्नाला पाच वर्षं झाली होती. ती गोळी चालू असताना दिवस जाणं धोक्याचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पुढं त्यांनी हेही सांगितलेलं की मूल हवंच असेल तर आधी या, गोळीऐवजी इंजेक्शनं देऊन, डोळ्यांत तेल घालून काही करता येईल. हे पुढचं वाक्य घरात कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. राहिलं ते एवढंच, की गोळी आहे तोवर पाळणा नाही.

एका शनिवारी दुपारी मी डबाभर कोडबळी घेऊन तिच्याकडे गेलो. तिच्या सासूबाई, सकवारबाई, स्वयंपाकघरात बाटलीत सत्त्वजल ओतत होत्या. महानंदानं मला पाणी दिलं, तेव्हा तिच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. त्या गोळीमुळं तिच्या हातावर कायम कुठंतरी निळा डाग असायचा. जरा दाराचा धक्का लागला तरी उमटायचा. आज हात स्वच्छ होते.

"डाग कुठं गेले गं?"

"गेले," ती लाजल्यासारखी हसली. "मामा, तुम्ही रागावणार, म्हणून सांगितलं नाही. नऊ बुधवार झाले. पहिल्या बुधवारी माझं पाणी एवढं पांढरं झालं, की तळ दिसेना. मग दर वेळी कमी कमी. या बुधवारी अगदी नितळ! दोन आठवड्यांपासून गोळी बंद केलीय."

मी तांब्या खाली ठेवला.

"त्यांनी सांगितलं बंद कर म्हणून?"

"नाही हो. ते म्हणतात, शरीर सांगेल. आणि बघा ना, डाग गेले. दम लागत नाही. काही म्हणजे काही झालं नाही."

"डाग गेले ते रक्त घट्ट व्हायला लागलं म्हणून!" मी ओरडलोच. "ते बरं झाल्याचं लक्षण नाही, पोरी, ते..."

"अण्णा, स्वल्प हळू," सकवारबाई बाहेर आल्या. "संध्याकाळची वेळ होत आली. अशुभ बोलू नका. सून चांगली आहे माझी, देवाच्या दयेनं."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. सरळ स्वयंपाकघरात गेलो. कपाटातून काचेचा धुतलेला पेला घेतला, फिल्टरचं पाणी भरलं आणि ओट्यावर ठेवला.

"अक्का, शेजारच्या राजलक्ष्मीनं नवा अर्क केलाय ना? तिची बाटली आणायला सांगा."

बाटली आली. मी ड्रॉपर उचलला तशा सकवारबाई किंचाळल्या, "अहो, बेडा, बेडा! नको! हात नाही घातला कुणी त्यात! मोकळं पाणी आहे ते!"

मी दहा थेंब टाकले. पाणी पांढरं झालं. दुधासारखं, तळ न दिसण्याइतकं पांढरं.

सकवारबाई भिंतीला टेकून पुटपुटायला लागल्या.

"महानंदा, हा रोग कुणाचा?" मी विचारलं. "फिल्टरला काय मधुमेह झालाय?"

मग मी तिला कारखान्यातली गोष्ट सांगितली. योगीराज नवा होता तेव्हा त्यानं सांब्राणीच्या अर्काचं मापटं नळाखाली धरलं आणि मोरी पांढरी झालेली बघून उडीच मारली. "अण्णा, हे काय?" मी त्याला समजावलं होतं, की सांब्राणी ही झाडाची राळ आहे. स्पिरिटमध्ये ती विरघळते, पाण्यात विरघळत नाही. स्पिरिटमध्ये विरघळलेल्या राळेला पाणी लागलं, की ती बारीक कण होऊन बाहेर पडते आणि पाणी दुधट दिसतं. आश्रमाचं सत्त्वजल म्हणजे दुसरं काही नाही, स्पिरिट. मी झाकण उघडून तिला वास दिला. इंजेक्शनच्या आधी दंडाला पुसतात, तोच वास.

तिनं पेला हातात घेतला आणि म्हणाली, "पण मामा, माझं पाणी नितळ का होत गेलं? तीच बाटली, तेवढेच थेंब."

याचं उत्तर खरं सांगायचं तर मला चटकन सुचलं नाही. ते तिलाच सुचलं. ओट्यावर सासूबाईंनी अर्धवट सोडलेली तिची बाटली होती. शेजारी सत्त्वजलाचा कॅन आणि चमचा. तिनं बाटली उचलून उजेडात धरली.

"सोळा चमचे मावतात हिच्यात. दर बुधवारी चार काढतो आणि चार चमचे नुसतं सत्त्वजल घालतो. सांब्राणी तर पहिल्यांदाच गाळून टाकली." ती बोटं मोजायला लागली. "पाव भाग गेला. मग उरलेल्याचा पाव भाग गेला. मग... मामा, हे पाहुणे आले की ताकात पाणी घालत जावं तसं झालं की."

"आठ वेळा केलंस तर दहावा हिस्सा उरतो," मी म्हणालो.

"म्हणजे माझा रोग नाही कमी झाला. बाटली पातळ झाली."

तिनं कुणाच्या मदतीशिवाय हे काढलं. तीनशे माणसांत एकाला सुचलं नव्हतं ते या मुलीनं स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पाच मिनिटांत सोडवलं. मला तिचा इतका अभिमान वाटला, की तिच्या जिवाचं काय हे क्षणभर मी विसरलो.

"चल, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जाऊ."

"मामा, आज शनिवार. आमचे डॉक्टर सोमवारी असतात. गोळी आत्ता घेते, तुमच्यासमोर." तिनं घेतली. "सोमवारी रजा टाकते, देवव्रतला घेऊन जाते. आता नाही सोडणार. सरी, ठीक आहे?"

"सरी," मी म्हणालो. कसा काय म्हणालो, अजून कळत नाही. दोन आठवड्यांत जे धरायचं ते धरून बसलेलं असतं आणि एका गोळीनं ते विरघळत नाही, एवढं तर मलाही कळायला हवं होतं. हाताला धरून रिक्षात घालायला हवं होतं.

रविवारी सकाळी ती दात घासायला उठली आणि न्हाणीघरात पडली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, की झडपेवर धरलेली गुठळी सुटून मेंदूत गेली. पंधरा दिवस औषध नव्हतं, म्हणून. देवव्रत हे ऐकताना मान हलवत होता. पण बाहेरच्या बाकावर सकवारबाई माझ्याकडे बघून जे बोलल्या ते त्यानं जास्त लक्ष देऊन ऐकलं.

"पंधरा दिवस गोळी नव्हती, माझी सून हरिणीसारखी हिंडत होती. तुम्ही आलात, माझ्या ओट्यावर मोकळ्या पाण्यात अर्क टाकलात, तिला गोळी घ्यायला लावलीत. चोवीस तास नाही झाले, अण्णा. उलटला. माझ्या घरावर उलटला."

नुसता क्रम बघितला तर त्यांचं चूक नव्हतं. सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर त्याच क्रमानं घडलं होतं. त्या घरात मोकळ्या पाण्यात अर्क टाकणारा मी पहिलाच माणूस होतो.

पुढच्या बुधवारी मी मंटपात गेलो, तो थेट व्यासपीठावरच चढलो. हातात दोन बाटल्या, एक नवी, एक नऊ बुधवार भरत आलेली. दोन पेले नळाचं पाणी. कुणी अडवलं नाही; गल्लीतला म्हातारा, सगळे ओळखतात. मी सगळं दाखवलं. नव्या बाटलीचे थेंब मोकळ्या पाण्यात टाकले, पांढरं. जुन्या बाटलीचे टाकले, नितळ. सांब्राणी सांगितली, स्पिरिट सांगितलं, पाव भागाचा हिशेब सांगितला. आधी मराठीत, मग कन्नडात. मंटपात इतकी शांतता होती, की मला वाटलं, झालं. संपलं याचं दुकान.

योगीराज उठला आणि माझ्या पाया पडला.

"हे माझे गुरू," तो माइकमध्ये म्हणाला. "हे सांगतात ते अगदी खरं. सांब्राणीच आहे. मी कधी नाही म्हणालो? देव काय आकाशातून टपकतो? सांब्राणीतूनच येतो ना? सायन्स आहे हे, सायन्स!" टाळ्या पडल्या. मग त्यानं आवाज खाली आणला. "पण अण्णांनी मोकळ्या पाण्यात थेंब टाकला. मी नको म्हणत होतो. आज त्यांची स्वतःची भाची कुठं आहे, विचारा त्यांना. मी नाही विचारत. माझ्याच्यानं विचारवत नाही."

त्यानं शालीनं डोळे पुसले. तीनशे डोकी माझ्याकडे वळली. त्या नजरांत राग नव्हता, दया होती. येलहंक्याचे ते गृहस्थ वर आले, माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला हळूच खाली उतरवलं आणि पाणी प्यायला दिलं. माझ्यामागे माइकवर आवाज आला, "हात पाण्यात बुडवा."

नंतर मी त्याला मागच्या खोलीत गाठलं. "तुला माहीत आहे सगळं. मोरी पांढरी झाली तेव्हा मीच तुला शिकवलं. का करतोस?"

तो शाल घडी करत होता. "अण्णा, मी कुणाला गोळी बंद करा म्हणालो नाही. एकदाही नाही. रेकॉर्डिंग ऐका. लोक स्वतःच करतात." आणि मग, खाली बघत, "कारखान्यात नऊ वर्षं कुणी माझं नाव विचारलं नाही."

पोलिसांत अर्ज दिला. अर्क घरी केलेला, विक्री नाही, औषध सोडायला सांगितल्याचा पुरावा नाही, म्हणून तो अर्ज तिथंच पडून आहे. बुधवारची गर्दी वाढली आहे. आता दुसरा नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो, आणि खाली 'चामराजपेटेतला अनुभव' असंही.

महानंदाला घरी आणून चार महिने झाले. डावा हात चालतो. शब्द येत नाही, कळतं मात्र सगळं. गोळी तिला मी रोज रात्री जाऊन देतो, कारण ती कुणी दुसरं देईल याची मला खात्री नाही. देवव्रत भेटला तर माझ्याशी बोलतो, पण घरात बसा म्हणत नाही.

गेल्या बुधवारी मी सकाळीच गेलो होतो. सकवारबाईंनी नवी बाटली केली होती. त्यांनी महानंदाचा उजवा, निर्जीव हात उचलून पेल्यात धरला. किती मायेनं धरला, ते मी बघितलं. ती बाई दुष्ट नाही. रोज सुनेला न्हाऊ घालते, तिची वेणी घालते. थेंब टाकले. पाणी पांढरं झालं.

"बघा, किती आहे अजून आत," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

तेव्हा महानंदानं डाव्या हातानं ड्रॉपर ओढून घेतला. शेजारी तिच्या पिण्याच्या पाण्याचा पेला भरून ठेवला होता, कुणी बोट न लावलेला. दोन थेंब चादरीवर सांडले, बाकीचे पेल्यात पडले. पाणी पांढरं झालं. तिनं सासूबाईंकडे बघितलं, मग पेल्याकडे, मग परत सासूबाईंकडे. ओठ हलले, नुसता घशातून आवाज आला.

सकवारबाईंनी दोन्ही हात जोडले. "अय्यो देवरे," त्या म्हणाल्या, "घरातल्या पाण्यालासुद्धा रोग लागलाय." आणि पेला मोरीत ओतून त्यांनी देवापुढं सांब्राणी लावली.

मी हे का लिहितो आहे? कुणी ऐकेल म्हणून नाही; ती आशा मी मंटपाच्या पायऱ्यांवरच ठेवून आलो. तरी माझं काम म्हणून सांगतो. घरी अर्क करता, करा. वासाला लावा, सर्दीला छातीवर चोळा, मी स्वतः आयुष्यभर केले आहेत. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, कितीही बरं वाटत असलं तरी. आणि कुणी तुमच्या पाण्यात तुमचा रोग दाखवला, तर शेजारी एक पेला मोकळा ठेवा. त्यात कुणाचा हात नको, कुणाचं दुखणं नको. तेवढेच थेंब त्यातही टाका, आणि तो पांढरा झाला तर मोठ्यानं विचारा, हा रोग कुणाचा? महानंदाला ते विचारता येत नाही.